कंपनीवाल्यांकडं मागायचं तरी काय?

विचारा काकांना : वाचकांची पत्रं, काकांची उत्तरं

मागच्या अंकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की कंपन्या शाळा-कॉलेजात येऊन जी एका दिवसाची आत्मविश्वास शिबिरं घेतात त्यांचा परिणाम निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी टिकतो का ते बघा. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअप आले की या महिन्यात बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत (पेन्शनवाले, जरा दम धरा, पुढच्या अंकात नक्की). काहींनी मला झापलंय पण. एकानं लिहिलंय, कंपनी फुकट काहीतरी देतीये तर तुमच्या पोटात का दुखतंय? दुखत नाही ओ. माझी आख्खी नोकरी मिरज-कुपवाड एमआयडीसीत ट्रेनिंग खात्यात गेली, नवीन पोरगं मशीनसमोर कसं थरथरतं आणि सहा महिन्यांनी तेच पोरगं दुसऱ्याला कसं शिकवतं हे रोज बघितलंय, म्हणून बोलतो.

नेहमीसारखं कुणाचं नाव छापत नाही, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : काका, नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे. गावाजवळच एक मोठी कंपनी आहे. दरवर्षी डिसेंबरात त्यांची माणसं येतात, मुलांना टी-शर्ट, टोपी, बिस्किटचा पुडा देतात, एक सर माइकवरून मुलांना 'मी करू शकतो' असं पुन्हा पुन्हा ओरडायला लावतात, फोटो होतात आणि चारच्या सुमारास गाडी निघते. दुसऱ्या दिवशी तीच मुलं फळ्याजवळ यायला घाबरतात. आम्हाला यापेक्षा बरं काहीतरी हवंय पण मागायचं कसं? आपण घेणारे, ते देणारे, तोंडच उघडत नाही. (पलूस तालुका)

उत्तर : मॅडम, ते 'आपण घेणारे, ते देणारे' आधी डोक्यातून काढा. २०१३ चा कंपनी कायदा आहे, त्याचं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या वर्षी ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी भरलं तरी त्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायचीच आहे, यालाच सीएसआर म्हणतात. शिवाय कायद्यात लिहिलंय की जिथं कारखाना आहे त्या भागाला आणि आसपासच्या गावांना प्राधान्य द्या. आता प्राधान्य म्हणजे तुमचा हक्क झाला असं नाही, कोर्टात जाऊन भांडता येणार नाही, पण पत्रात तो उल्लेख करता येतो आणि करावा. कारखान्याचे ट्रक तुमच्याच शाळेसमोरून जातात ना?

दुसरं, वर्षभरात कुठं काय करायचं याचा आराखडा कंपनीचं बोर्ड मंजूर करतं. म्हणजे डिसेंबरात जी गाडी येते ती कुठल्यातरी कागदावर आधीच ठरलेली असते, ऐनवेळी त्या आलेल्या बिचाऱ्या पोराला सांगून काही बदलत नाही. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत पत्र द्या, म्हणजे एप्रिलपासूनच्या आराखड्यात तुमचं काम बसायची शक्यता असते. कंपनीच्या वेबसाइटवर सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय, कुठले प्रकल्प मंजूर झालेत हे टाकणं बंधनकारक आहे, ते कुणा माजी विद्यार्थ्याला मोबाइलवर काढायला सांगा, आणि मग प्लँट हेड आणि एचआर दोघांच्या नावे एकपानी पत्र. चार पानं कुणी वाचत नाही. जोडीला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कल्पना, एवढं केलं की नंतर कुणी आडवं येत नाही. सरकारी शाळेला स्वतःचा सीएसआर नंबर काढावा लागतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कंपनी स्वतः थेट काम करू शकते.

आता मागायचं काय. मी तुमच्या जागी असतो तर पैसे सगळ्यात शेवटी मागितले असते. आधी माणूस मागितला असता. एकच माणूस, तोच तो, जून ते मार्च दर शनिवारी सकाळी दोन तास. साहेब नको, प्रत्यक्ष मशीनवर काम करणारा अनुभवी फिटर, इलेक्ट्रिशियन, क्वालिटीतली एखादी मुलगी असली तर फारच चांगलं, कारण आपल्या पोरींनी टोपी-बूट घातलेली, हातात मायक्रोमीटर धरलेली बाई जवळून बघितलेलीच नसते. त्या माणसानं मुलांसमोर भाषण करायचं नाही, मुलांबरोबर काम करायचं. शाळेच्या पाण्याच्या टाकीत किती लिटर बसतं ते मोजून काढा. महिन्याचं लाइटबिल घेऊन बसा आणि कुठला पंखा किती खातो ते शोधा. बंद पडलेली मोटर उघडून बघा (वायर काढून, हे सांगायला लागू नये पण सांगतो). सातवीच्या मुलांनी ते सगळं लिहून ग्रामसभेत उभं राहून वाचायचं. पहिल्या खेपेला आवाज फुटणार नाही, कागद हातात हलत राहील, फुटू दे घाम. तिसऱ्या खेपेला सरपंचाला प्रश्न विचारतील आणि मग तुम्हालाच म्हणावं लागेल की आता बसा खाली.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अल्बर्ट बांडुरा म्हणून मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९७७ साली मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास कशानं येतो, तर सगळ्यात जास्त स्वतःच्या हातानं एखादी अवघड गोष्ट जमल्यानं येतो, त्यानंतर आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमताना बघून, आणि नुसतं कुणीतरी 'तुला जमेल रे' म्हणण्याचा नंबर बराच खाली लागतो. आपली शिबिरं नेमकी त्या खालच्याच गोष्टीवर चालतात. विहिरीच्या काठावर उभं करून पोरांना पोहण्यावर दोन तास व्याख्यान द्यायचं आणि टाळ्या वाजवून घरी पाठवायचं, पाण्यात कुणी उतरवायचंच नाही.

आणि पलूस तालुक्यात राहून तुम्ही हे विचारताय याची मला गंमत वाटली, कारण किर्लोस्करवाडी तुमच्याच तालुक्यात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या, ज्यांना गावात कुणी दारात उभं करत नव्हतं अशा माणसांना रखवालीचं काम दिलं, ही गोष्ट या भागातल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. त्यांना कुणी आत्मविश्वासाचं शिबिर दिलं नव्हतं, आख्ख्या वसाहतीची राखण दिली होती.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कर्मचाऱ्यानं शाळेत दिलेल्या वेळेची किंमत लावून कंपनीला ती २ टक्क्यांत धरता येत नाही. त्यामुळे सीएसआरवाले म्हणतील, मॅडम त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक घ्या, रंगरंगोटी घ्या, ते हिशोबात बसतं. तेव्हा हसून म्हणायचं, पेव्हर पण घेतो, पण माणूस द्या. साहित्य, नेण्या-आणण्याचा खर्च, ट्रेनरचं मानधन हे पैशातून होऊ द्या, माणसाचा शनिवार मात्र कंपनीनं मनानं द्यायचा आहे. प्लँट हेड इथलाच असला तर हो म्हणतो, माझा अनुभव आहे.

हो, आणि बाहेरून येणारा माणूस कितीही सज्जन असो, तो मुलांबरोबर एकटा नको, तुमचा एक शिक्षक कायम वर्गात पाहिजे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, कंपनीच्या माणसाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा, चांगल्या माणसाला त्यात काही वाटत नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठंही टाकायचे नाहीत हे पण त्याच दिवशी.

प्रश्न : आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याकडं आम्ही पोरांनी अभ्यासिकेसाठी सीएसआर मागितला तर ते म्हणाले आम्हाला सीएसआर लागूच नाही. एवढा मोठा कारखाना आणि लागू नाही? आम्हाला येडं बनवतायत का? (वाळवा तालुका)

उत्तर : नाही रे बाबांनो, यावेळी खरं बोलतायत. सहकारी कारखाना हा सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, महाराष्ट्रात १९६० चा तो कायदा आहे, आणि कलम १३५ हे कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. त्यामुळे सहकारी कारखाना, दूध संघ, नागरी बँक, पतसंस्था कुणालाच ते २ टक्के लागू नाहीत. खासगी साखर कारखाना असला तर तो कंपनी असतो, त्याला निकषात बसला तर लागू. पण सहकारी कारखान्याचे मालक कोण? तुमचे वडील, चुलते, सभासद शेतकरी. मग सीएसआरचा अर्ज कशाला, घरच्यांना सांगा वार्षिक सभेत विषय काढायला. तिथं उभं राहून अभ्यासिका मागणं हेच तुमचं निम्मं ट्रेनिंग, खरंच सांगतो, त्या सभेत माइक मिळवणं कुठल्याही इंटरव्ह्यूपेक्षा अवघड असतंय.

प्रश्न : काका मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात एका कंपनीतर्फे सॉफ्ट स्किलचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट पण आहे, शेकहँड कसा करायचा, कपडे कसे घालायचे, टेल मी अबाउट युवरसेल्फ सगळं पाठ करून घेतलं. तरी दोन इंटरव्ह्यूत मी गप्प झाले, पाठ केलेलं संपलं आणि पुढं काही सुचलंच नाही. माझ्यातच काही कमी आहे का? घरी आई म्हणते बीएड कर. (सातारा)

उत्तर : पोरी, तुझ्यात काही कमी नाही. तुझ्याकडं सांगण्यासारखं काही केलेलं नाही, एवढंच. रागावू नकोस. इंटरव्ह्यू घेणारा तुझं इंग्लिश तपासत नसतो (काही ठिकाणी तपासतात, त्या नोकऱ्या सोड), तो बघत असतो की या मुलीनं आजवर एखादी गोष्ट अंगावर घेऊन शेवटपर्यंत नेलीये का. पाठ केलेलं संपतं, केलेलं संपत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये गणपतीनंतर पाण्याचे नमुने तपासले असतील, कास रस्त्यावरच्या हॉटेलात सीझनला हिशोब बघितला असेल, मामाच्या स्ट्रॉबेरीचं पॅकिंग केलं असेल, तर त्यावर तू अर्धा तास बोलशील, मराठीत बोलशील, मग हळूहळू मोडक्या इंग्लिशमध्ये बोलशील आणि समोरचा ऐकेल.

तू साताऱ्यात शिकतेस म्हणून कर्मवीर अण्णांचं सांगतो, सगळ्यांना पुतळा माहितीय, पण पुढची गोष्ट कमी जणांना. भाऊराव पाटील शिक्षणसंस्था काढायच्या आधी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी, किर्लोस्करांसाठी फिरतीवर विक्रीचं काम करायचे, खेडोपाडी नांगर घेऊन फिरायचे. म्हणजे आजच्या भाषेत सेल्समधला माणूस. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग आलं, आणि तिथं 'कमवा आणि शिका'. पोरं शेतात, विहिरीवर, स्वयंपाकघरात राबायची आणि शिकायची. त्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं. त्या मुलांना पुढं कुणासमोर उभं राहायची भीती का वाटली नाही ते यातच आलं, त्यांनी स्वतःचं जेवण स्वतः उभं केलेलं होतं. तुमच्या कॉलेजात आजही ती योजना असेल तर लायब्ररीत, ऑफिसात, लॅबमध्ये तास घे. गरिबांसाठीच असते असं समजून चांगल्या घरच्या मुली जात नाहीत, हा मूर्खपणा आहे.

बाहेर काय आहे ते पण बघ. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, १८ ते ३५ वयाच्यांसाठी, पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. केंद्राची पीएम इंटर्नशिप पण २०२४ चीच, ती मोठ्या ५०० कंपन्यांमध्ये, २१ ते २४ वयाच्यांसाठी, सुरू झाली तेव्हा महिना ५,००० होते आणि त्यातले ५०० कंपनीनं तिच्या सीएसआरमधून द्यायचे अशी रचना होती. नियम दर थोड्या दिवसांनी बदलतात, पोर्टलवर बघूनच अर्ज कर. काम काय देतात ते मात्र विचारून घे, नुसतं झेरॉक्स काढायला बसवणार असतील तर महिन्याभरात सांगून टाक की मला दुसरं काम द्या. तेवढं सांगता आलं तरी पुढच्या इंटरव्ह्यूला ते पुरेसं आहे.

कंपनीतर्फे पुन्हा कुणी ट्रेनर आला तर वर्गातून उठून विचार, सर तुमच्या कंपनीतल्या दोन-तीन लोकांनी आमचे खोटे इंटरव्ह्यू घेतले तर चालेल का, आणि नंतर आम्हाला तोंडावर सांगा कुठं चुकलो. याला कंपनीचा रुपयासुद्धा लागत नाही. आईला सांग, बीएड वाईट नाही, पण शिक्षिकेला सुद्धा चाळीस पोरांसमोर बोलावंच लागतं.

प्रश्न : सर, मी शिरवळ पट्ट्यातल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे, सीएसआर पण माझ्याच गळ्यात. फेब्रुवारी संपत आला की वरून फोन येतो, एवढे लाख शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत उडवा, युवकांसाठी काहीतरी कर. मग मी इव्हेंटवाल्याला बोलावतो. मला पण कळतं की हे बरोबर नाही. पण करू काय? (खंडाळा तालुका)

उत्तर : तुझं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण खरं लिहिलंयस.

अरे, ३१ मार्चला उडवायची गरजच नाहीये, तुझ्या साहेबांना २०२१ चे बदल माहीत नसावेत. काम जर चालू प्रकल्प म्हणून बोर्डानं मंजूर केलेलं असेल, म्हणजे ज्या वर्षी सुरू झालं ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारं, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट सीएसआर खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर खर्च करायची. आणि तसा प्रकल्प नसेल तर ती शिल्लक सहा महिन्यांत सरकारनं ठरवलेल्या निधीत जाते. तर तुझ्या साहेबांना सरळ विचार, पैसे दिल्लीला पाठवायचे का खंडाळा-लोणंदच्या पोरांवर तीन वर्षं लावायचे? प्रश्न असा विचारला की साहेब लोकांना लवकर समजतं.

तीन वर्षांचा प्रकल्प कागदावर आला की इव्हेंटवाला आपोआप गळतो. एक हायस्कूल किंवा एक आयटीआय धर, जास्त नको, जास्त शाळांचा आकडा रिपोर्टात छान दिसतो पण हाताशी काही लागत नाही. नववीतली पोरं घे आणि ती अकरावी-बारावीत किंवा आयटीआयत जाईपर्यंत सोडू नको. वर्षातून एकदा त्यांना विचार की गेल्या वर्षी कुठल्या गोष्टीला घाबरत होता आणि आता करता. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचं सीएसआर सरासरी १० कोटी किंवा जास्त असतं त्यांना १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं बाहेरून मूल्यमापन करून घ्यावं लागतं, तुमची कंपनी त्यात बसत नसेल तर हे वहीतलं मूल्यमापन बास झालं. ऑफिस खर्चाला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे ध्यानात ठेव. आपल्याच कामगारांच्या मुलांपुरतं काढलेलं शिबिर सीएसआरमध्ये बसत नाही, आणि ज्यातून कंपनीची जाहिरात साधायची आहे ती स्पॉन्सरशिपही बसत नाही, नाहीतर परत ऑडिटला तूच उभा.

बॅनर लहान कर. साहेबांना राग आला तर माझं नाव सांग.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, मिरजेच्या वस्तीतल्या मुलींसाठी संध्याकाळचे वर्ग चालवतो, दीड वर्ष झालं. एक एजंट म्हणतो, मी सीएसआर मिळवून देतो, आलेल्या रकमेतले इतके टक्के माझे. द्यावेत का? (मिरज)

उत्तर : अजिबात नाही. टक्केवारीवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

संस्थेनं कंपनीचे सीएसआरचे पैसे घ्यायचे तर आयकर खात्याची १२ ए आणि ८० जी नोंदणी लागते, तसल्या कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. त्या फॉर्मवर प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. म्हणजे तुम्हाला एजंट नको, एक चांगला सीए पाहिजे, तो सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहे. तुमची तीन वर्षं अजून भरली नाहीत, तोवर एखाद्या जुन्या संस्थेबरोबर जोडून काम करा, पैसे त्यांच्या खात्यात, काम तुमचं, आणि हिशोब दोघांच्या सहीनं. तोवर रोजची हजेरी, खर्चाची पावती न् पावती, कुठली मुलगी आधी काय करत होती आणि आता काय करते याची नोंद, एवढं नीट ठेवा, तीन वर्षांनी कंपनीवाला आला की हीच वही मागणार आहे.

प्रश्न : माझं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, तीन लेथ, बारा-तेरा माणसं. सीएसआर बिएसआर आपल्याला लागू नाही हे माहितीय. पण गावाकडची पोरं मोबाइल घेऊन कट्ट्यावर बसलेली बघवत नाहीत. आपल्यासारख्यानं काय करावं? (कुपवाड एमआयडीसी)

उत्तर : दादा, तुम्ही मोठ्या कंपनीपेक्षा जास्त करू शकता, कारण तुमच्याकडं पोरगं आणि मालक यांच्यात फक्त लेथ असतो.

अप्रेंटिस घ्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं आहे, तुमच्यासारख्या चार ते २९ माणसांच्या छोट्या युनिटला ऐच्छिक. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, सरकार उचलतं. कुपवाडला आपल्या आसपास किती युनिट आहेत बघा, चौघा-पाच जणांनी मिळून ठरवलं तर एक पोरगं सहा महिने तुमच्याकडं टर्निंग शिकेल, सहा महिने शेजाऱ्याकडं फौंड्रीत.

पहिले तीन महिने झाडू आणि चिप्स (मशीनवर पडणारा धातूचा कीस) उचलण्यात घालवू नका. बरेच मालक याला शिस्त म्हणतात, मी वेळ फुकट घालवणं म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात एक साधा जॉब, म्हणजे एखादा सुटा भाग, पूर्ण त्याच्या हातानं होऊ द्या, बिघडला तर बिघडला, स्क्रॅपची किंमत किती ती त्याला सांगा पण सगळ्यांसमोर नको. आणि चांगला झाला तर तो पीस गिऱ्हाइकाकडं पाठवताना त्याला टेम्पोतून बरोबर न्या, डिलिव्हरी चलनावर सही त्याची घ्या.

अठरा वर्षांखालच्या शाळकरी पोरांना मशीनला हात लावू द्यायचा नाही, बघायला बोलवा, गॉगल घालून पिवळ्या पट्टीच्या बाहेर. कट्ट्यावरच्या मोठ्यांना आधी फक्त चहाला बोलवा.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची, पळण्यात चांगली आहे, शाळेकडून विभागीयपर्यंत गेली. बूट, खुराक, प्रवास परवडत नाही. कंपनीवाले म्हणतात एकट्या मुलीला देता येत नाही. (माण तालुका)

उत्तर : आबा, माणच्या मातीला हा प्रश्न नवीन नाही. मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पळाली, दहावी आली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला जाऊन ब्राँझ घेऊन आले, तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. सांगलीचा संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक घेऊन आला, घरची पानटपरी आणि चहाचा गाडा. आपल्याकडं खेळाडू आधी होतो आणि पैसे नंतर येतात, हे मला आवडत नाही पण आहे हे असं आहे.

ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण हे कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे खेळाला सीएसआर चालतो. पण एकट्या मुलीच्या नावानं चेक फाडायला कंपनी कचरते. तुमच्या गावात, शेजारच्या वाडीत अजून पळणाऱ्या मुली असतीलच, पाच-सात मुली आणि एक कोच एवढा गट करा, तालुक्यात खेळावर काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तिच्यामार्फत मागणी करा. म्हसवडला माणदेशी फाउंडेशन मुलामुलींच्या खेळावर काम करतं, तिथं एकदा जाऊन भेटा. मागताना बुटाआधी कोचचा पगार मागा. बूट एका सीझनला फाटतो.

आणि मुलीला पैशाचं टेन्शन ऐकू जाईल असं घरात बोलू नका.

प्रश्न : एका कंपनीनं आमच्या हायस्कूलला दहा जुने कॉम्प्युटर द्यायचं ठरवलंय, कार्यक्रम मोठा आहे, आमदार येणार आहेत. घ्यावेत का? तालुका लिहू नका. (सांगली जिल्हा)

उत्तर : लिहीत नाही.

वस्तू दिली तर तिची किंमत लावून कंपनीला सीएसआरच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे हे बहुतेक वेळा गोडाऊन रिकामं करायचं काम असतं. तरी घ्यायला हरकत नाही, पण कार्यक्रमाच्या आधी, नंतर नाही, तुमच्या विज्ञानाच्या सरांना कंपनीत पाठवून दहाही मशीन चालू करून बघा. चालतील तेवढेच घ्या. विंडोज चालत नसेल तर लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं पळतं, मराठी टायपिंग पण होतं. वर्षभर दुरुस्ती कुणी करायची हे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या, आणि दर आठवड्याला त्यांच्या आयटीतला एक पोरगा दोन तास येईल हे त्याच कागदावर. आठवी-नववीच्या चार मुलांनी मशीन उघडायचं, रॅम काढून परत बसवायची, हे त्या पोरानं शिकवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हाला कंपनीला फोन करावा लागणार नाही. बंद पडलेले चार ढिगाला टाकून दहाचा आकडा पुरा करत असतील तर ते तिथंच ठेवून या, नंतर तो ई-कचरा तुमच्या गळ्यात.

जुन्या हार्ड डिस्क कंपनीनं पुसून दिल्यात ना ते मात्र सरांनी स्वतः बघावं.